चुकीचे वाचन : सिटी कॉलेजमधील उत्तरपत्रिका आणि लेखकाचा प्रश्न

विद्यार्थ्याने वर्गात लिहिलेला निबंध साहित्यविचाराच्या कक्षेत सहसा येत नाही. तो तपासला जातो. वाचला जातोच असे नाही. वाचन आणि तपासणी यांमधील हे अंतर अमेरिकेतील इंग्रजी विभागांत जवळजवळ शंभर वर्षे गृहीत धरले गेले. त्याला गंभीर हादरा बसला तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये, १९७० नंतरच्या काही वर्षांत. आणि तोही एखाद्या सिद्धान्ताच्या बळावर नव्हे, तर प्रवेशाचे नियम बदलल्यामुळे वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या दडपणाखाली. मिना शॉनेसी यांचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) हे पुस्तक त्या उत्तरपत्रिकांच्या वाचनातून सिद्ध झाले. लेखनाध्यापनाच्या संशोधनात या ग्रंथाचे स्थान मान्य आहे; समीक्षेच्या इतिहासात मात्र त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक ‘लेखक’ या संकल्पनेविषयी त्याच काळात जो वाद चालू होता, त्याची एक दुर्लक्षित बाजू या उत्तरपत्रिकांत आहे.

या प्रश्नाचा उगम हार्वर्डमध्ये सापडतो. चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेच्या काळात, १८७४ मध्ये, हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाची चाचणी आली. नेमलेल्या साहित्यकृतीवर छोटा निबंध लिहायचा आणि तो वर्णलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व अभिव्यक्ती या कसोट्यांवर पारखायचा, अशी ती योजना होती. पत्रकारितेतून अध्यापनात आलेले अ‍ॅडम्स शर्मन हिल हे तिचे प्रमुख शिल्पकार. १८८५ पासून पहिल्या वर्षाला ‘इंग्लिश ए’ हा लेखनाचा अभ्यासक्रम आला. पुढे विद्यापीठाने नेमलेल्या एका समितीने १८९२ मध्ये आपला पहिला अहवाल सादर केला. चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स, ई. एल. गॉडकिन आणि जोसाया क्विन्सी हे तिचे तीन सदस्य. रेल्वेचा कारभार पाहिलेले एक, संपादक एक आणि राजकारणी एक. लेखन शिकविण्याचा अनुभव या तिघांपैकी कोणाच्याही व्यवसायाचा भाग नव्हता. अहवालात त्यांनी विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांच्या हुबेहूब प्रती छापल्या. विद्यार्थ्याचे लेखन असे सार्वजनिकपणे छापले गेले ते अभ्यासासाठी नव्हे, पुराव्यासाठी. माध्यमिक शाळा आपले काम करीत नाहीत, हे त्यातून सिद्ध करायचे होते. चुकीला येथे एकच अर्थ होता : अभाव.

पुढील अर्धशतकात चुका मोजण्याचे काम मोठ्या निष्ठेने झाले. कोणती चूक किती वेळा होते याच्या याद्या तयार झाल्या, व्याकरणाचे सराव रचले गेले. १९६३ मध्ये ब्रॅडक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या सगळ्या खटाटोपाची मिळकत फारशी नसल्याचे दिसून आले. औपचारिक व्याकरण शिकविल्याने लेखन सुधारत नाही, उलट लेखनाच्या सरावाचा वेळ त्यात जात असल्याने अपायच संभवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या क्षेत्राची तुलना त्यांनी किमयागिरीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्राशी केली. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातील आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला लावून लेखनप्रक्रियेचा अभ्यास केला. संशोधनाची नजर त्यामुळे कागदावरून लिहिणाऱ्याकडे वळली. परंतु हे विद्यार्थी बहुतांशी बरे लिहिणारे होते. ज्याला लिहिताच येत नाही असे शिक्षक म्हणतो, त्याच्या लेखनाकडे कोणी पाहिले नव्हते.

१८४७ मध्ये ‘फ्री अकॅडेमी’ म्हणून स्थापन झालेले सिटी कॉलेज हे न्यूयॉर्कमधील गरीब, स्थलांतरित कुटुंबांतील हुशार मुलांचे विनाशुल्क महाविद्यालय. ते हार्लेममध्ये उभे होते. तरी हार्लेममधील मुले त्यात अभावानेच दिसत. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवाराचा ताबा घेतला. या संघर्षातून नगर विद्यापीठाने सर्वांना खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले. १९७५ साठी योजलेले हे धोरण १९७० च्या शरद सत्रातच अमलात आले. शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळाली. पहिल्याच वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी दाखल झाले.

शॉनेसी त्या आधीपासून, १९६७ पासून, तेथे ‘सीक’ या पूरक शिक्षणाच्या कार्यक्रमात शिकवीत होत्या. एड्रिएन रिच, ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बंबारा या लेखिकाही त्या काळात याच वर्गांत शिकवीत होत्या, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात सांगितली जाते. पण त्या वर्गांत काय लिहिले जात होते, हे सांगितले जात नाही. शॉनेसींच्या पुस्तकाला आधार आहे तो १९७० ते १९७४ या काळात प्रवेशाच्या वेळी लिहिल्या गेलेल्या सुमारे ४,००० निबंधांचा. पहिल्या वाचनात ते निबंध पाहून अनुभवी अध्यापकही हतबुद्ध झाले. या मुलांना शिकविणे अशक्य आहे, अशी भावना केवळ सनातनी प्राध्यापकांचीच नव्हती. शॉनेसींनी ती हतबुद्धता लपविली नाही. तिच्यापासून सुरुवात केली.

पुस्तकाची मांडणीच बोलकी आहे. पहिले मोठे प्रकरण हस्ताक्षर आणि विरामचिन्हे यांना दिलेले आहे; मग वाक्यरचना, सामान्य चुका, वर्णलेखन, शब्दसंग्रह आणि शेवटी वाक्याच्या पलीकडील रचना. विचार, आशय, शैली अशा उंचीवरून खाली न येता त्या लेखणी धरणाऱ्या हातापासून वर चढतात. ज्याने शाळेत फारसे लिहिलेच नाही, त्याचा हात मनाच्या गतीने चालत नाही. वाक्य मनात तयार असते आणि कागदावर पोचेपर्यंत त्याचा अर्धा भाग गळून पडतो. विरामचिन्हांच्या बाबतीत असा लेखक पूर्णविराम आणि स्वल्पविराम या दोघांवरच भागवतो, कारण अर्धविराम वापरणे म्हणजे चुकीला आणखी एक दार उघडणे. चुकण्याच्या धास्तीने तो मध्येच थांबतो, वाक्य पुन्हा सुरू करतो आणि पहिल्या सुरुवातीचे अवशेष कागदावर राहून जातात. परीक्षकाला जे विस्कळीत वाक्य दिसते, ते पुष्कळदा दोन-तीन अपुऱ्या वाक्यांचा थर असते.

एका प्रत्ययाचे उदाहरण घ्यावे. इंग्रजीत नामाला ‘स’चा प्रत्यय लागला की ते अनेकवचनी होते; क्रियापदाला तोच प्रत्यय लागला की ते एकवचनी होते. ‘बॉय वॉक्स’, परंतु ‘बॉइज वॉक’. हा प्रत्यय अनेकत्वाचा आहे असे ज्याने एकदा मनाशी ठरविले, तो कर्ता अनेकवचनी असताना क्रियापदालाही तो लावतो. त्याचे वाक्य नियमबाह्य दिसते. पण ते नियमानेच रचलेले असते, नियम तेवढा दुसरा असतो. याउलट ज्यांच्या बोलीत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापद हा प्रत्यय घेतच नाही, ते तो वगळतात. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीची ही व्यवस्था किती सुसंगत आहे, हे विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये दाखविलेलेच होते. शाळेने दटावल्यावर तोच विद्यार्थी प्रत्यय नको तेथेही चिकटवू लागतो. कागदावरची ही चूक त्याच्या बोलीतली नसते. ती दोन व्यवस्थांच्या सांध्यात, शिकण्याच्या क्रियेतच, जन्मलेली असते. शॉनेसींच्या विश्लेषणाचा रोख हाच आहे. चुकांना संख्या असते, तशी वळणे असतात. आणि ही मुले मंद म्हणून नव्हे, तर नवशिकी म्हणून चुकतात. नवशिका चुकल्यावाचून शिकत नाही.

या लेखनासाठी त्यांनी ‘बेसिक रायटिंग’ ही संज्ञा रूढ केली. ‘प्राथमिक लेखन’ हा तिचा मराठी पर्याय दिशाभूल करील, कारण हे लेखन प्रौढांचे आहे. प्रौढ अनुभव घेऊन आलेल्यांचे आहे. आणखी एक अडचण मराठी वाचकाला जाणवेल. मराठीत या सगळ्या प्रांताला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. लेखनाच्या नियमाला शुचितेचे नाव दिल्यावर नियम मोडणाऱ्याच्या वाट्याला आपोआपच अशुद्धता येते. हार्वर्डच्या समितीला हा शब्द आवडला असता.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अमेरिकी इंग्रजी विभागांत नवसमीक्षेने सूक्ष्मवाचनाची शिस्त रुजविली होती. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूचा आधार हा तर्कदोष ठरविला होता. रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केलेली होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये, म्हणजे सिटी कॉलेजचे दरवाजे बंद होण्याच्या दोनच महिने आधी, मिशेल फूकोने ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न पॅरिसमधील व्याख्यानात उभा केला होता. शॉनेसी सूक्ष्मवाचनाची शिस्त स्वीकारतात, पण हेतूचा निषेध स्वीकारू शकत नाहीत. एखादे रूप चूक आहे असे म्हणण्यासाठी लेखकाला दुसरे काहीतरी म्हणायचे होते, असे मानावेच लागते. चूक ही संहितेत आयती पडलेली वस्तू नाही. लिहिलेले आणि लिहावयाचे होते ते, यांच्यातील अंतर वाचकाने मोजले म्हणजे ती दिसते.

डेव्हिड बार्थोलोमे यांच्या ‘द स्टडी ऑफ एरर’ (१९८०) या निबंधात याचा प्रत्यय येतो. त्यांनी एका विद्यार्थ्याला स्वतःचा निबंध मोठ्याने वाचायला लावला. वाचताना त्याने अनेक चुका आपोआप दुरुस्त केल्या, आणि आपण काही दुरुस्त केले याची त्याला जाणीवही झाली नाही. कागदावर एक संहिता होती, त्याच्या तोंडी दुसरी. परीक्षकाने गुण दिले ते पहिलीला. पुढच्याच वर्षी जोसेफ विल्यम्स यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. चुकांच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या शोधनिबंधात त्यांनी सुमारे शंभर चुका मुद्दाम पेरल्या आणि शेवटी ते जाहीर केले. विद्वान वाचकांना त्यांतील बऱ्याचशा दिसल्याच नव्हत्या, कारण प्राध्यापकाचा लेख वाचताना कोणी चुका शोधत नाही. फूकोने ज्याला लेखकाचे कार्य म्हटले होते, ते येथे प्रयोगाने सिद्ध झाले : नाव आणि अधिकार असलेल्याचे लेखन वाचले जाते, नसलेल्याचे तपासले जाते. मात्र एक भेद उरतोच. पॅरिसमध्ये लेखकपणाचे विसर्जन चालले होते ते लेखकपण आधीच मिळालेल्यांचे. हार्लेमच्या वर्गातील लिहिणाऱ्याला ते अजून मिळायचे होते.

शॉनेसींच्या भूमिकेत एक ताण आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. चुकीमागे तर्क असतो हे दाखवून त्या थांबत नाहीत. चूक वाचकाच्या लक्षावर कर बसविते आणि वाचक तो देण्यास बांधलेला नाही, असेही त्या बजावतात. वाचनाचे हे हिशेबी रूपक पुढे अनेकांना खटकले. १९७४ मध्ये अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने विद्यार्थ्याचा आपल्या भाषेवरील हक्क मान्य करणारा ठराव केला होता. त्याच्या तुलनेत शॉनेसी मागे राहतात, असे वाटणे स्वाभाविक होते. मिन-झान लू यांनी १९९१ आणि १९९२ च्या निबंधांत केलेली टीका अधिक मूलगामी आहे. भाषा हे आशय वाहून नेणारे तटस्थ साधन आहे असे शॉनेसी गृहीत धरतात. त्यामुळे नवी भाषा शिकताना माणसाच्या आत जो संघर्ष होतो, तो त्यांना शिकण्यातील अडथळा वाटतो, लेखनाचे द्रव्य वाटत नाही, असा लू यांचा आक्षेप. लू स्वतः शांघायमध्ये घरात इंग्रजी आणि शाळेत क्रांतीची चिनी भाषा अशा दुभंगात वाढलेल्या. त्यांच्या टीकेला अनुभवाचे वजन आहे. तरीही असे म्हणावे लागते, की लू ज्या संघर्षाविषयी बोलतात तो दिसण्यासाठी कागदावरील विस्कळीतपणात आधी कर्ता दिसावा लागतो. तो दाखविण्याचे काम शॉनेसींनी केले होते. शिवाय त्यांच्या विद्यार्थ्यांना पुढच्या सत्रात दुसऱ्या विभागांत, लाल शाईच्याच वाचकांसमोर बसायचे होते. या वस्तुस्थितीकडे पाठ फिरविण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

डिसेंबर १९७५ मध्ये ‘न्यूजवीक’ने अमेरिकी मुलांना लिहिता येत नसल्याची मुखपृष्ठकथा छापली, १८९२ चा सूर पुन्हा लागला. त्याच सुमारास न्यूयॉर्क शहर आर्थिक संकटात सापडले. १९७६ मध्ये नगर विद्यापीठाने शुल्क आकारायला सुरुवात केली. सिटी कॉलेजच्या स्थापनेपासूनचे विनाशुल्क शिक्षण संपले. पुस्तक त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिले गेले, त्यांची वाट अरुंद होऊ लागल्यावर ते वाचले जाऊ लागले. १९७८ मध्ये शॉनेसी कर्करोगाने वारल्या. त्यांनी १९७५ मध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ बेसिक रायटिंग’ चालू राहिले. प्रबंध, परिषदा, अध्यासने यांनी हा अभ्यासविषय विद्यापीठांत स्थिरावला. १९९८ मध्ये नगर विद्यापीठाच्या विश्वस्तांनी चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूरक अभ्यासक्रम काढून टाकण्याचा ठराव केला. चाचणीत कमी पडणाऱ्या विद्यार्थ्याला आता दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयाचा रस्ता होता.

‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’च्या पानोपानी त्या ४,००० निबंधांतील उतारे, त्यांतील चुकांसह, छापलेले आहेत. उताऱ्यांखाली लिहिणाऱ्यांची नावे नाहीत.