नवजात बाळाचे सुरक्षित समर्पण आणि दत्तक प्रक्रिया

कचराकुंडीजवळ, मंदिराच्या पायरीवर किंवा रेल्वे स्थानकात नवजात बाळ सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. थंडी, भूक, जंतुसंसर्ग आणि भटकी कुत्री यांमुळे अशा बाळाचा जीव काही तासांतच धोक्यात येतो. मूल सांभाळणे शक्य नसलेल्या आईवडिलांसाठी भारतीय कायद्यात सुरक्षित मार्ग आहे. तो म्हणजे बालकल्याण समितीपुढे बाळाचे समर्पण करणे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गरोदर राहिलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई आणि हवे तर मूल तेथेच ठेवताही येई. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. अलीकडच्या काळातील उदाहरण तमिळनाडूचे आहे. मुलींच्या हत्या रोखण्यासाठी त्या राज्याने १९९२ मध्ये पाळणा योजना सुरू केली. नको असलेले बाळ ठरावीक ठिकाणच्या पाळण्यात ठेवून जाण्याची सोय तिच्यात होती.

समर्पण कसे होते?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३५ नुसार, शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळू न शकणारे आईवडील किंवा पालक त्याला समितीपुढे हजर करू शकतात. समिती चौकशी करते आणि समुपदेशन करते. मूल आईजवळच राहावे, असा प्रयत्न आधी केला जातो. तरीही निर्णय कायम असेल तर समितीसमोर समर्पणपत्रावर सही होते.

पती-पत्नीचे मूल असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. अविवाहित आईला मात्र एकटीला समर्पण करता येते. ती अल्पवयीन असेल तर सोबतची प्रौढ व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करते.

सहीनंतर आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या काळात मन बदलले तर बाळ परत मागता येते. बाळंतपणानंतरची मनःस्थिती, घरच्यांचा दबाव आणि पैशांची चणचण यांमुळे घाईत घेतलेला निर्णय बदलण्याची ही संधी असते. मुदत संपल्यावर समर्पण अंतिम होते.

टाकून देणे आणि समर्पण यांतील फरक

मूल कायमचे सोडून देण्याच्या हेतूने उघड्यावर टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'पोलीस पकडतील' या भीतीनेच अनेकजणी समितीकडे जात नाहीत. प्रत्यक्षात बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३८ नुसार, सोडलेल्या किंवा समर्पित बालकाच्या चौकशीदरम्यान जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवता येत नाही.

बाळाच्या दृष्टीनेही फरक मोठा आहे. सापडलेल्या बाळाच्या पालकांच्या शोधासाठी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते. समर्पित बाळाची अशी जाहिरात दिली जात नाही आणि आईची ओळख गुप्त राहते. शिवाय आईने दिलेली कौटुंबिक व आरोग्याची माहिती नोंदीत राहते. टाकून दिलेल्या बाळाबाबत ही पाने कोरीच असतात.

दत्तक कुटुंबापर्यंतचा प्रवास

समितीने बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केले की त्याची माहिती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर येते. इच्छुक पालकांची नोंदणीही तेथेच होते. सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात.

मुख्य अटी अशा आहेत:

- जोडप्याच्या वैवाहिक जीवनाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि दोघांची संमती असावी.
- दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोघांच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त नसावी. एकल पालकाचे वय ४० पर्यंत असावे.
- मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे.
- एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

क्रम आल्यावर बाळाची माहिती व छायाचित्र दाखवले जाते. पालकांना ४८ तासांत होकार कळवावा लागतो. त्यानंतर ते संस्थेत जाऊन बाळाला भेटतात आणि दत्तकपूर्व देखभालीसाठी घरी नेतात. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. पुढची दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, बाळाची विचारपूस होते.

दत्तक मुलाला पोटच्या मुलासारखेच सर्व हक्क मिळतात. दत्तक असल्याचे त्याला लहानपणापासून, त्याला समजेल अशा गोष्टीतून सांगावे, असे समुपदेशक सुचवतात. परक्याच्या तोंडून अचानक कळले तर विश्वासाला तडा जातो. १८ वर्षांनंतर त्याला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्यांच्या गोपनीयतेचाही विचार होतो.

बाळ सापडल्यास काय करावे?

चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर, पोलीस ठाण्यात किंवा बालकल्याण समितीला तातडीने, उशिरात उशिरा २४ तासांत कळवावे. बाळ स्वतःकडे ठेवून घेणे किंवा ओळखीतल्या निपुत्रिक जोडप्याला परस्पर देणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. समर्पणाचा विचार करणाऱ्या आईलाही याच क्रमांकावर मदत मागता येते.