पद आणि प्रसंग

मराठी नाट्यसंगीताच्या मैफली आजही भरतात, आणि श्रोते जुन्या पदांना मनापासून दाद देतात. मात्र ज्या नाटकातून ती पदे आली, ते नाटक श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिलेले नसते. रुक्मिणी कोणत्या प्रसंगी गाते, तिच्या आधी कोण काय बोलले, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. पद प्रसंगापासून तुटून स्वतंत्र झाले आहे. ही ताटातूट बोलपटाने किंवा ध्वनिमुद्रिकेने केली, असे सामान्यतः म्हटले जाते. माझे मत थोडे निराळे आहे. ती रंगभूमीच्या भरभराटीतच, टाळ्यांच्या कडकडाटात, सुरू झाली होती.

आरंभ पाहू. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर होता. पात्रे त्याच्या पदांना अनुसरून हालचाल करीत व भाषणे करीत. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि पात्राच्या तोंडचे गाणे पात्रालाच परत दिले. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. ज्याचे दुःख त्यानेच गावे, हे एकदा मान्य झाले की चाल कोणती असावी हा प्रश्न नाटकाचा होतो. केवळ गायनाचा राहत नाही.

‘शाकुंतला’त पदे दोनशेच्या आसपास. आजच्या वाचकाला हा आकडा भयंकर वाटेल. परंतु त्यांतली कित्येक साकी, दिंडी, कामदा अशा छोट्या बांधणीची आहेत. दोन-चार ओळींत म्हणायचे ते म्हणून पात्र पुन्हा बोलू लागते. १८८२ च्या ‘सौभद्रा’त ही कला पूर्ण पक्व झाली. कथा महाभारतातली खरी, पण घर मराठी आहे. बहिणीचे लग्न कोठे करावे यावरून दोन भावांत मतभेद, थोरला हट्टी, धाकटा लबाड, आणि मध्ये सुभद्रेची तगमग. अण्णासाहेबांनी चाली कीर्तनातून, लावणीतून, स्त्रियांच्या गाण्यांतून आणि कर्नाटकातून घेतल्या. त्यांचे गाव बेळगाव-धारवाडकडचे, त्यामुळे कानडी वळणाची चाल त्यांना घरचीच. चाली उसन्या आहेत म्हणून काही टीकाकार नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात ती चाल आधीच बसलेली असल्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दाकडे, म्हणजेच कृष्णाच्या डावपेचाकडे, लागून राहत असे. नाटकासाठी केलेली स्वररचना या नात्याने ‘सौभद्र’ हेच मला आजवरचे सर्वश्रेष्ठ वाटते. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज सुभद्रेला लाभला हे नाटकाचे भाग्य. पण ते नाटक केवळ त्या आवाजावर उभे नव्हते.

अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘शारदा’ (१८९९) लिहून तोच मार्ग सामाजिक विषयाकडे वळवला. म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करणाऱ्या मुलींच्या पदांत जी चाल आहे ती हसवते, आणि त्याच नाटकात शारदेची व्यथा ऐकताना त्या हसण्याची लाज वाटते. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव या नाटकावरून पडले अशी समजूत अजून भेटते. ते नाव कायद्याचे पुरस्कर्ते हरविलास सारडा यांच्यावरून आहे. तरीही मराठी माणसाची ही चूक नाटकाचा गौरव करणारीच म्हणावी लागेल.)

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनया’पासून पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. त्या चटकदार होत्या; त्याविषयी अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

खरे वळण आले ते १२ मार्च १९११ रोजी, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ने. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते स्वतः नामांकित पेटीवादक, आणि पुढे धैर्यधराची भूमिकाही त्यांनी केली. पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा त्यांनी मराठी पदात आणला. भामिनी होती बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी मरण पावली होती, तरी त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. या वेळी चाली भास्करबुवा बखले यांच्या. अनेक घराण्यांची विद्या मिळवलेला हा थोर गवई. त्याने रागदारीतल्या बंदिशींचा साचा मराठी शब्दांना दिला. दिवाणखान्यात मोजक्यांनी ऐकायचा यमन आणि बिहाग या नाटकाने गावोगावच्या प्रेक्षकाला मोकळा करून दिला. हे ऋण कधी फिटायचे नाही. संगीत म्हणून विचारले तर ‘स्वयंवरा’पुढे मला काहीच सुचत नाही.

पण नाटक म्हणून? ‘वन्समोअर’चा पुकारा आला की रुक्मिणी पुन्हा गाणार, तिसऱ्यांदा गाणार, प्रत्येक वेळी नवी जागा घेणार, आणि समोर उभ्या असलेल्या पात्राने तोवर करायचे काय? प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. खाडिलकरांचे गद्य तेजस्वी आहे, पण दोन पदांमधल्या अंतरात ते फार तेवत नसे.

आम्हां धर्मगुरूंना हा वाद परका नाही. दहावे पायस यांनी नोव्हेंबर १९०३ मध्ये पवित्र संगीताविषयी जे फर्मान काढले, त्यात उपासनेतील नाटकी गायकीवर कोरडे ओढले होते. इटालियन ऑपेराच्या धर्तीची गाणी मिस्सामध्ये शिरली होती आणि गायनासाठी उपासना खोळंबत होती. शब्द आधी, स्वर त्याच्या सेवेला, हे त्यामागचे सूत्र. मात्र ज्या ग्रेगरियन गायनाचा त्या फर्मानाने आदर्श म्हणून पुरस्कार केला, त्यातही ‘आलेलुया’च्या अखेरच्या अक्षरावर स्वरांची लांबच लांब माळ गुंफलेली असते. तेव्हा विस्तार हाच दोष, असे म्हणता येत नाही. कृष्णाला मनाने वरलेली रुक्मिणी एका शब्दावर रेंगाळते, तेव्हा ते रेंगाळणे हाच प्रसंग असतो. तिथे बालगंधर्व निःसंशय बरोबर होते. प्रश्न उठतो तो प्रत्येक पात्र प्रत्येक पदावर तसेच रेंगाळू लागले तेव्हाचा.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचे वर्णन आजही लोक करतात ते कोणाचे पद अधिक रंगले याचे. धैर्यधराचा मान राहिला की गेला, याचे नव्हे. नाटक हे निमित्त झाले होते. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले.

साथही याच काळात बदलली. बालगंधर्वांपाशी तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, आणि रंगमंचापुढे पायपेटीचा ऑर्गन. पाश्चात्त्य देशांत हे वाद्य छोट्या प्रार्थनामंदिरांतून व घरांतून भक्तिगीतांच्या साथीला असे. इथे ते द्रौपदी-रुक्मिणीच्या साथीला बसले. त्याचा सलग, भरदार सूर गायकाला इतका सुखाचा की गाणे थांबवावेसे वाटू नये. ध्वनिमुद्रिकेने मात्र हा सारा विस्तार तीन-साडेतीन मिनिटांत कोंबला. म्हणून आपण ऐकतो ते बालगंधर्व रंगभूमीवरचे नव्हेतच. त्यांत ‘वन्समोअर’ नाहीत, आणि आधीचे गद्य वाक्यही नाही.

प्रतिक्रिया उमटणारच होती. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. केशवराव भोळे यांनी पदांची संख्या अगदी थोडी ठेवली, भावगीताचा धाटणीदार आटोपशीरपणा आणला, स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. विचार योग्य होता. पण प्रेक्षक बोलपटाकडे निघाला होता, आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले.

तीस वर्षांनी गोमंतकातील मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी हे कोडे पुन्हा हाती घेतले. गोवा हिंदु असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’त (१९६४) पद लहान झाले, रागाची ओळख पहिल्याच ओळीत पटू लागली आणि ते संपताच गद्य सांधा न दिसता पुढे चालू लागले. दोनच वर्षांनी ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये त्यांनी पाश्चात्त्य ढंगाच्या हलक्याफुलक्या चाली दिल्या, हाच मनुष्य दोन्ही करू शकतो याचे नवल वाटते. १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ हे त्यांचे शिखर. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात दोन घराण्यांचे वैर आहे, आणि अभिषेकींनी त्या दोन गायकींनाच दोन स्वभाव दिले. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब तान घेतो तेव्हा त्या तानेत त्याचा अहंकार ऐकू येतो. अर्थात इथे संगीतकाराचे काम काहीसे सोपे होते, कारण पात्रेच गवई आहेत. सुभद्रा गवई नाही, शारदा तर नाहीच. त्यांना गायला लावून ते खरे वाटायला लावणे अधिक अवघड. म्हणून ‘कट्यारी’वर माझे प्रेम असूनही पहिला मान मी ‘सौभद्रा’लाच देतो.

‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आली, २०१५ मध्ये तिचा चित्रपट झाला आणि तरुण मुले ती पदे गुणगुणू लागली, याचा आनंद आहे. ‘सौभद्र’ही अधूनमधून होते. ते तीन तासांत बसवायचे तर कात्री लावावी लागते हे मान्य. पण ती लागते कोठे? लोकप्रिय दहा-बारा पदे सर्व आलापतानांसह जशीच्या तशी राहतात आणि मधल्या साक्या, दिंड्या गळतात. त्या ऐकायला कोणी तिकीट काढत नाही, हे खरे. पण कृष्णाचा डाव पुढे सरकतो तो त्यांच्यातूनच. एखाद्या संस्थेने याच्या उलट करून पाहावे. पदे सारी नसली तरी पुष्कळ ठेवावीत, साकी-दिंडी एकही सोडू नये, आणि काटायचे ते आलाप काटावेत.