ड्रॉइंगचे सर आले कुठून आणि चालले कुठे?

 

ग्रेड परीक्षेचा हंगाम आला की तालुक्याच्या स्टेशनरी दुकानांत गर्दी होते. ड्रॉइंग बोर्ड, पोस्टर कलर, कंपास. पालक विचारतात, "इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला किती मार्क वाढतात?" उत्तर सगळ्यांना पाठ आहे : ए ला 7, बी ला 5, सी ला 3. पण "तुमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतं कोण?" असं मी विचारलं की बरेच जण गप्प होतात. कुठे मराठीचे सर 'बघून घेतात', कुठे मुलं क्लासला जातात, कुठे यूट्यूब.

परीक्षा आहे, मार्क आहेत, शिक्षक मात्र नाही. हे एका दिवसात झालेलं नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

1851 मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानातल्या कारागिरांचं काम तिथे पाहून इंग्रजांचे डोळे दिपले. इथल्या कारागिरीला शिस्तशीर शिक्षणाची जोड द्यावी, हा विचार त्या काळातला. मुंबईत सर जमशेदजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी 1 लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. तेच आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारला तेव्हा चित्रकार नको होते, हाताला आणि डोळ्याला वळण असलेली माणसं हवी होती. रेल्वे, पूल, सरकारी इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना नकाशे काढणारे लागत होते. म्हणून शिक्षणात भूमिती, नमुन्यावरून हुबेहूब नक्कल, नक्षीकाम यांवर भर होता. पुढे 1879 मध्ये चित्रकला हा शिकवायचा विषय म्हणून पुढे आला. मग प्रश्न उभा राहिला, शिकवणार कोण? त्यासाठी 1893 मध्ये जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षकांचा प्रशिक्षण वर्ग निघाला. आपल्याकडचा 'ड्रॉइंग मास्तर' घडायला लागला तो तिथून.

म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही एवढं कळत होतं की विषय आणायचा तर आधी शिक्षक तयार करावा लागतो.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये तिथे शिकायला गेले, 1896 मध्ये तिथेच शिक्षक झाले आणि 1910 मध्ये हेडमास्तर. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नावच दिलं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. चित्रकार म्हणून एवढं नाव झालेला माणूस आयुष्यभर शिक्षक राहिला. तेव्हा त्यात कमीपणा नव्हता.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. सय्यद हैदर रझा. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेल्या रझांनी मुंबईला जाण्याआधी काही काळ गोंदियात चित्रकला शिक्षकाची नोकरी केली. त्यांच्याच लहानपणी मध्य प्रदेशातल्या एका खेड्यातल्या मास्तरांनी या चंचल पोराला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत बसायला लावलं होतं. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांत आला आणि जगभर गेला. खेड्यातला मास्तर काय करू शकतो, याला आणखी पुरावा हवा का?

स्वातंत्र्यानंतर 1965 मध्ये राज्याचं कला संचालनालय स्थापन झालं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर पोचल्या. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी कला महाविद्यालयं निघाली. 'एटीडी' म्हणजे कला शिक्षक पदविका ही शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या पोरापोरींची नोकरीची वाट झाली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं घोटून आलेले हे सर शाळेचा फलक लिहायचे, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचे, विज्ञान प्रदर्शनाच्या आकृत्या काढून द्यायचे. माझं अक्षर आज जे काही बरं आहे, ते अशाच एका सरांच्या बोरूमुळे.

मग गाडी अडली कुठे? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पट 100 च्या वर असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना 'अंशकालीन' निदेशक लिहिलेत. अंशकालीन! या एका शब्दात सगळं आलं. पट 100 च्या आत असेल तर तेही नाही. आपल्या भागातल्या किती शाळांचा पट 100 च्या वर आहे, तुम्हीच मोजा. तिकडे जुने सर निवृत्त झाले की त्यांची खुर्ची रिकामीच राहते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की कला सगळ्या विषयांत मिसळा, आणि 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी करा. कागदावर छान आहे. पण बारावी झालेली मुलगी मला विचारते, "दादा, कला शिक्षक व्हायला चार वर्षं घालवू, पण पुढे जागा निघेल का?" तिला मी काय सांगू? शिक हे सांगतो, कारण हातातली कला वाया जात नाही. जागेची खात्री मात्र मी देऊ शकत नाही. ती सरकारने द्यायची असते.

काही जण म्हणतील, शाळेला आधी गणित-इंग्रजीचे शिक्षक मिळू देत, ड्रॉइंगचं मग बघू. अडचण खरी आहे, मान्य. पण याचा फटका कुणाला बसतो? शहरातलं पोर पैसे भरून क्लास लावतं. वाडीवस्तीवरच्या पोराला शाळेतले सर एवढाच क्लास. 7 मार्कांची शर्यत दोघांना एकच, धावायला मात्र एकालाच शिकवलंय.

म्हणून एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला कोण असतं? त्यांचं प्रशिक्षण काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तर नको.

आणि तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. सगळं एकत्र करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जायची जबाबदारी माझी.