‘ईना मीना डीका’ : एका स्विंगप्रधान गीताच्या दीर्घायुष्याची मीमांसा

बिग बँडच्या काळातील काही चाली त्यांना लोकप्रिय करणारे वाद्यवृंद मोडल्यानंतरही टिकून राहिल्या. ग्लेन मिलर याने १९३९ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘इन द मूड’ ही त्यांपैकी सर्वपरिचित होय. अशा चालींच्या दीर्घायुष्याचे श्रेय सामान्यतः स्मरणरंजनास दिले जाते. परंतु ज्या पिढ्यांनी तो काळ पाहिलाच नाही त्यांनाही त्या आवडतात, याचा उलगडा त्यामुळे होत नाही. महाराष्ट्रात हाच प्रश्न ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गीताविषयी उपस्थित होतो.

या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२), हे मूळचे पुणतांब्याचे. त्यांचे शिक्षण रागसंगीताचे. विनायकबुवा पटवर्धन हे त्यांचे एक गुरू. पाश्चात्त्य वाद्यमेळाचे अंग त्यांना लाभले ते प्रामुख्याने गोमंतकीय वादकांकडून. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे वादक मुंबईच्या हॉटेलांत स्थिरावले होते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आल्यापासून तेथे जॅझचे प्रत्यक्ष वळण त्यांना मिळत गेले. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील मिळकत आटली आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण हा त्यांचा मोठा आधार झाला. अल्दोना येथील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, अर्थात आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७), हे याच परंपरेतील, सी. रामचंद्र यांना त्यांचे साहाय्य लाभले होते.

दोन्ही रचनांत एक साम्य आहे. ‘इन द मूड’चा प्राण एका छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या स्वरखंडात आहे, तो ऐकताच लक्षात राहतो आणि कोणत्याही वाद्यावर वाजविता येतो. ‘ईना मीना डीका’च्या ध्रुपदातही अर्थापेक्षा अक्षरांचा आघात प्रधान आहे. घराबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडगीतावरून ही कल्पना सुचली व जॉन गोम्स या गोमंतकीय सहायकाने तीत भर घातली, असे सांगितले जाते. ध्रुपदात कोंकणी शब्दही आढळतात. अर्थाचे ओझे नसल्यामुळे या गीतास भाषेची वा वयाची अट उरत नाही. किशोरकुमार व आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायिले आणि दोहोंपैकी कोणतेही रूप दुसऱ्यास पुसून टाकू शकले नाही, हेही लक्षणीय आहे.

चालीचे हे सुटसुटीतपण रस्त्यावरील संगीतास विशेष सोयीचे ठरते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर १९७८ मध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. अशा नाक्यांवरून निघणाऱ्या मिरवणुका व वराती यांत चालणारे ब्रास बँड ब्रिटिश पलटणींच्या बँडवरून घडले. त्यांतील ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन ही वाद्ये बिग बँडलाही परिचितच होती. ध्वनिमुद्रणगृहातील मोठ्या वाद्यमेळासाठी रचलेली चाल दहा-बारा वादकांच्या हाती गेली तरी तिचा ठेका व मुखडा शाबूत राहतो. स्वरांच्या सूक्ष्म हरकतींवर उभी असलेली चाल अशा स्थलांतरात क्षीण होते. छोट्या स्वरखंडावर उभी असलेली तगते.

तथापि या टिकाऊपणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ‘इन द मूड’मधील मुख्य स्वरखंड विंगी मनोन याच्या १९३० मधील ‘टार पेपर स्टॉम्प’ या रचनेत आधीच आढळतो. रचनाकार म्हणून मात्र जो गार्लंड याचे नाव रूढ झाले. आपल्याकडे संगीतकार व गायक यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली. वाद्यमेळाची मांडणी करणारे व तो वाजविणारे बहुतेक गोमंतकीय वादक अनामिक राहिले. चाल जितकी सहज सर्वांची होते तितका तिच्या घडणीतील वाटेकऱ्यांचा विसर पडण्याचा संभव अधिक. म्हणून अशा गीताचा इतिहास लिहिताना त्याच्या लोकप्रियतेबरोबरच त्यामागील सामूहिक श्रमांचा शोध घेणे अगत्याचे ठरते.