चौक आणि चौकट

केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, शीतलादेवीचे देऊळ आहे, पोर्तुगीज काळातला कोट आहे. समकालीन चित्रांचे प्रदर्शन पाहायचे तर येथला रसिक केळवे रोडला मुंबईची गाडी धरतो आणि काळा घोडा गाठतो. १९५२ साली उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी तेथे, गेटवेच्या समुद्रापासून चालत काही मिनिटांवर आहे. १९७०च्या दशकात याच मुलखातून एक कला त्या दालनाकडे निघाली. त्या प्रवासाचा इतिहास आपण फार सोपा करून सांगतो, असे मला वाटते.

सांगितले जाते ते असे : भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, त्यांनी कागद दिला, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले, १९७५ साली म्हसे यांचे प्रदर्शन मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये भरले. यातले काही खोटे नाही. पण वारली चित्रांचा गाभा लग्नघरातला चौक. तो सुवासिनींच्या हातचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या चौक 'लिहीत'. होय, वारली बोलीत चौक काढत नाहीत, लिहितात. साहित्याच्या अभ्यासकाने या क्रियापदापाशी अंमळ थांबावे. धवलेरीच्या गाण्यांसोबत लिहिल्या जाणाऱ्या या चौकोनाच्या मध्यभागी पालघट देवी असते. लग्न उरकले की चित्राचे काम संपले. पुढच्या सारवणात ते जाई. त्याखाली कोणाचे नाव नसे.

दालनाला मात्र नाव लागते आणि टिकणारी वस्तू लागते. केमोल्डचा जन्मच मुळी तसबिरींच्या चौकटींच्या कारखान्यातून झाला. केकू गांधी यांनी आधी चौकटींचा व्यवसाय उभारला आणि १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उघडली. (२००७ मध्ये ती फोर्ट भागात हलली.) चौकातून चौकटीत येताना चित्राचा विषयही सरकला. विवाहाची देवी मागे राहिली. चौकाबाहेरचे जग, म्हणजे शेत, तारप्याचा नाच, मासे धरण्याचे जाळे, हे मध्यभागी आले. म्हसे यांची जाळ्याची चित्रे मी थोर मानतो. शेणाने सारवलेल्या कापडावर बारीक पांढऱ्या रेघांचे ते विणकाम पाहताना 'लोककला' हा शब्द तोकडा पडतो. तरीही, विधीपासून सुटलेल्या पुरुषाला लाभलेले हे स्वातंत्र्य चौक लिहिणाऱ्या बायकांच्या वाट्याला त्याच वेळी का आले नाही, हा प्रश्न गौरवग्रंथांत क्वचितच येतो.

१९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात म्हसे होते. इंग्लंडचे रिचर्ड लाँगही होते. पुढे २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे या दोघांचे संयुक्त प्रदर्शन झाले. ही जोडी मार्मिक आहे. लाँग दालनाच्या भिंतीवर हातांनी चिखल माखतात, आणि अशी बरीच कामे प्रदर्शन संपताच पुसली जातात. त्या क्षणभंगुरतेला समीक्षक आधुनिकता म्हणतात. सुवासिनींचा चौक पुसला जाई, तेव्हा तिला परंपरा म्हणत. आणि म्हसे यांचे कापड संग्रहात जपले जाते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशन लाभले, २०१८ मध्ये म्हसे गेले. पाड्यांवरच्या लग्नघरांत चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे संग्रहालयाच्या पाटीवर शोधू नयेत. ती विचारायला गाडी उलट्या दिशेची धरावी लागेल.