महाड : तळ्याचं गाव, भाताचं गाव

महाड म्हटलं की आपल्या समाजाला चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. ते योग्यच आहे. पण ते गाव कसलं होतं, आपला माणूस तिथं कशासाठी जायचा आणि भरल्या तळ्याशेजारी तहानलेला का राहायचा, हेही नव्या पिढीला सांगितलं पाहिजे. त्याशिवाय सत्याग्रहाचं मोल पुरतं कळणार नाही.

महाड हे सावित्री नदीकाठचं तालुक्याचं गाव. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड. चहूकडं डोंगर आणि मधे भाताची खाचरं. पाऊस धो धो, पण पावसाळा सरला की उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. सावित्रीच्या खाडीतून मालाची गलबतं वर येत, म्हणून इथं बाजारपेठ वाढली. गावाजवळ गांधारपाले इथं डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच वाटेवर भिक्खूसंघ राहत होता. वाटसरूला पाणी नाकारणं ही या मातीची मूळ रीत नव्हे, असं आम्ही मानतो.

पुढं कोकणात खोती आली. घाम कुळाचा आणि धान्याचा मोठा वाटा खोताचा. कुणबी आणि महार दोघंही त्याखाली भरडले गेले. महाराच्या मानेवर त्यात वतनाची चाकरी. गावचा वसूल तालुक्याला पोचवायचा, सरकारी कागद न्यायचा. त्यासाठी आणि बाजारहाटासाठी महाडला यावंच लागे. तळं नगरपालिकेचं, सर्वांसाठी. इतर धर्मांचे लोक पाणी भरत, आपल्याला मात्र बंदी. आपली विहीर लांब महारवाड्यात, तीही नीट नाही. डोंगर तुडवत आलेला माणूस कोरड्या घशानंच परत फिरे.

पण या भागातला माणूस मुका नव्हता. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले शिपाई लिहावाचायला शिकले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. १९ व्या शतकातच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. पुढं या भागातल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी जिवाचं रान केलं.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे तळं खुलं केलं, पण कागदावर! ओंजळभर पाणी प्यायला प्रत्यक्ष बाबासाहेबांना यावं लागलं. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. तळं शेणा-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं गेलं. नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला. डिसेंबरात फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं जागा दिली म्हणून मांडव उभा राहिला. २५ डिसेंबर १९२७ ला तिथं मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात आपल्या बाजूनं सुटला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

आता एक गोष्ट आपण विसरतो. मार्चच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढणं सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, पडीक जमिनी मिळवून शेती करा, असं सांगितलं होतं. पाण्याची आणि जमिनीची लढाई एकच होती. भाकरी दुसऱ्याच्या हातात असेल तर हक्काच्या पाण्यासाठीही मान वर होत नाही. म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कुणबी-महार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं.

ज्यांना जमीन मिळाली नाही ते मुंबईला गिरणीत आले. इथंही विणखात्यात आपल्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई! तळ्यावरचा मनू साच्यापर्यंत आलेला होता.

बंधुभगिनींनो, महाडला जाल तेव्हा तळ्याला वंदन करा, क्रांतिस्तंभापुढं नतमस्तक व्हा. मग मुलांना घेऊन गांधारपाल्याची लेणी चढा. वरून भाताची खाचरं दिसतील. त्यांना एवढंच विचारा, या खाचरांत आपल्या आजोबांनी घाम गाळला, मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं लागलं? जिथं आपलं नाव लागलं असेल, तिथली जमीन विकू नका, कसा. मुंबईची खोली लहान आहे म्हणून गाव सोडू नका.

जयभीम!