हुंडीची दक्षता

व्यापार विश्वासावर चालतो असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्याकडील व्यापाराचा इतिहास बारकाईनें पाहिला, तर त्यांत विश्वासाइतकीच संशयाचीही शिस्त दिसून येते. तिचा उत्तम मासला म्हणजे हुंडी.

हुंडी म्हणजे कागदाचा एक चिटोरा. पण त्याच्या आधारें परगांवच्या पेढीनें हजारों रुपये मोजून द्यावयाचे. खाडाखोड करणाऱ्या लबाडांची उणीव कोणत्याच काळीं नव्हती. म्हणून रक्कम आंकड्यांनीं व अक्षरांनीं लिहूनही सावकारांचें समाधान होत नसे. शंभरांची हुंडी असल्यास ‘निमे पन्नास, त्यांचे दुप्पट’ असेंही नमूद करीत. एक शून्य वाढवूं पाहणारास मग ठिकठिकाणीं लबाडी करावी लागे. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पेठ, व तीही गेल्यास परपेठ, अशा प्रती काढण्याची सोय होती. शहाजोग हुंडीचे पैसे तर आगंतुकाच्या हातीं पडतच नसत. बाजारांत ज्याची पत आहे अशा शहामार्फतच ते मिळत, आणि हुंडी खोटी निघाल्यास रक्कम परत करण्याची जोखीम त्या शहाच्या शिरीं असे. हे नियम कोणा सरकारनें घालून दिलेले नव्हते. उलट १८८१ सालीं परक्राम्य संलेखांचा कायदा झाला, तेव्हां त्यानेंच देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज राखून ठेविले.

आतां आजचें किराणा दुकान पाहूं. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या. आणि थोड्याच वर्षांत क्यूआर कोडाची पाटी भाजीच्या गाडीवरही आली. हुंडीचा रिवाज अनेक पिढ्यांनीं घडविला. ह्या नव्या साधनाला एक पिढीही मिळाली नाहीं. साधन पुढें गेलें, शिस्त मागें राहिली.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदारांना कांहीं वर्षांपूर्वीं फोन आला: ‘मालाची आगाऊ रक्कम पाठवितों, मोबाईलवर आलेली विनंती मान्य करून पिन घाला.’ त्यांनीं तो घातला, आणि महिन्याभराची मिळकत खात्यांतून गेली. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, देण्यासच लागतो, एवढें एक वाक्य त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. याहून वाईट हें कीं, लाजेनें त्यांनीं ही गोष्ट पंधरा दिवस घरांतही काढिली नाहीं. अशा वेळीं १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढील खात्यांत अडविली जाण्याचा संभव असतो. विलंबानें तो नाहींसा होतो.

जुनी दक्षता नव्या व्यवहारास लागू करणें अवघड नाहीं. बँकेचा ओटीपी हें आजचें ‘निमे’ होय. तें परक्यास सांगणें म्हणजे कोरी हुंडी सही करून देणें. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर प्रणालीनें जगभरचे संगणक कुलूपबंद केले. अशा वेळीं हिशेबाची वेगळी, संगणकापासून तोडून ठेविलेली प्रत हीच आपली पेठ. घाऊक व्यापाऱ्याचा ‘खातें बदललें’ असा निरोप आला, तर पूर्वींच्या ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी. सकाळीं दुकान उघडतांना पाटीवर दुसऱ्याचा कोड चिकटविलेला नाहीं ना हें पाहावें, आणि गिऱ्हाइकाच्या पडद्यावरील चित्रावर न विसंबतां आपल्या खात्यांतील जमा पाहूनच माल द्यावा. ह्यांत खर्च मुळींच नाहीं. संवय मात्र हवी.

तथापि सारा भार दुकानदारावर टाकून मोकळें होणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. शहाजोग हुंडींत ओळख पटविण्याची जोखीम पतवंताच्या शिरीं होती, दुबळ्याच्या नव्हे. आज तें स्थान बँकांचें व पैसे पोंचविणाऱ्या कंपन्यांचें आहे. ज्यांच्या खात्यांतून चोरीची रक्कम पुढें सरकते, त्यांनींच खातेदाराची पारख करावयाची. नफ्यांत शहा आणि जोखमींत आगंतुक, ही रीत जुन्या बाजारानें एक दिवसही चालूं दिली नसती.